ताट फेकणारी शास्त्रज्ञ

१

ईश्वरीची नोकरी लागण्याआधीच गेली, आणि ती कुणी घालवली हे शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी केजच्या कोर्टात वकिली करते. नवरा-बायकोची भांडणं, पोटगी, मोडलेली लग्नं, हे माझं रोजचं दुकान. नाव वनमाला. तालुक्यात माझी ख्याती वकील म्हणून कमी आणि नको तिथं नाक खुपसणारी बाई म्हणून जास्त आहे. मी ती कधी नाकारली नाही. दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही, त्याला मी काय करू?

त्या दिवशी सकाळी ईश्वरीचा फोन आला. "वने, गाडी काढ आणि घाटनांदूरला ये. मला कुणीतरी संपवलंय."

ईश्वरी आणि मी अंबाजोगाईच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. मी तिच्या गणिताच्या वह्या बघून पास झाले आणि ती माझं भांडण बघून बोलायला शिकली. पुढं ती परदेशात शिकून आली आणि बंगळूरच्या 'मेधांकुर' या कंपनीत मुख्य शास्त्रज्ञ झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेत देशात जी मोजकी नावं घेतात, त्यातलं एक तिचं. कंपनीच्या संचालक मंडळावरही ती होती, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

मेधांकुरचा मालक सोंधी. खेड्यापाड्यातल्या दवाखान्यांना औषध सुचवणारं एक मॉडेल त्याला घाईनं बाजारात आणायचं होतं. ईश्वरी म्हणत होती, ते अजून चुकतंय, थांबा. मंडळात मतं फुटली आणि ईश्वरीच्या मतावर सोंधीची खुर्ची गेली. आठवडाभरात पैसेवाले आणि निम्मी कंपनी त्याच्या बाजूनं उभी राहिली, तो वाजतगाजत परत आला आणि ईश्वरी बाहेर पडली. तेव्हापासून त्या धंद्यात दोन प्रकारची माणसं झाली होती. एक तिला शूर म्हणणारी, दुसरी दगाबाज म्हणणारी. नोकरी मात्र दोन्हीपैकी कुणी देत नव्हतं.

शेवटी पुण्याच्या 'दिशांतर' नावाच्या प्रयोगशाळेनं तिला संशोधन प्रमुख म्हणून बोलावलं. सगळं ठरलं होतं. फक्त एका एजन्सीकडून तिची गावाकडची माहिती काढायची, एवढा उपचार बाकी होता.

"आणि काल पुण्याहून फोन आला," ईश्वरी म्हणाली. आम्ही तिच्या माडीवरच्या खोलीत बसलो होतो. "गावाकडच्या माणसांनी माझ्याबद्दल चार गोष्टी सांगितल्यात म्हणे. डोक्याचा इलाज चालू आहे. घराण्यात फिट येण्याचा आजार आहे. राग आला की जेवणाचं ताट फेकते. आणि दुसरीकडं शब्द दिलेला आहे, त्यामुळं टिकणार नाही. सांगणाऱ्यांची नावं ते देत नाहीत."

"यातलं खरं किती?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "एकच. ताटाचं."

२

मला हसू आलं होतं, ते मी गिळलं.

"मंडळाच्या शेवटच्या बैठकीत जेवणाची ताटं समोरच आली होती," ईश्वरी सांगू लागली. "सोंधी म्हणाला, खेड्यातल्या माणसाला आज काहीच मिळत नाही, मग चुकीचं का होईना, काहीतरी मिळतंय ना. माझ्यासमोर आत्या आली, तू आलीस, हे गाव आलं. मी ताट ढकललं. ते खाली पडलं. बस, एवढंच. त्या खोलीबाहेर हे कुणाला माहीत नाही. मी आत्यालासुद्धा सांगितलेलं नाही."

"आणि तेच ताट घाटनांदूरच्या माणसाच्या तोंडून पुण्याला पोचलं."

"म्हणजे सोंधीनं गावात कुणाला तरी विकत घेतलंय. साधी गोष्ट आहे." तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. सोंधीवर सरळ आरोप करणारा लांबलचक मजकूर होता. तो ती जगजाहीर करणार होती. "संध्याकाळी दिशांतरच्या समितीची व्हिडिओवर बैठक आहे. मला माझं म्हणणं मांडायला बोलावलंय. त्याआधी हे टाकते."

"आणि खोटं निघालं तर?"

मी वकील आहे, हा हिशेब मला लगेच कळतो. एकदा मालकाच्या विरोधात गेलेली बाई लोक विसरतात. पण दुसऱ्यांदा बिनपुराव्याचा आरोप केला, तर पुण्यातच काय, कुठंच तिला कुणी उभं करणार नव्हतं. पंधरा-वीस वर्षांचं काम त्या एका बटणावर येऊन थांबलं होतं.

"संध्याकाळपर्यंत हात लावू नकोस त्याला," मी म्हणाले.

खाली उतरले तर शिवगंगा आत्या चौकात ज्वारी निवडत बसल्या होत्या. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. ईश्वरी आणि तिचा भाऊ श्रीशैल लहान असताना आई गेली, पुढं वडीलही गेले. दोघांना वाढवलं ते आत्यांनी. स्वतः लग्न होऊन दोन वर्षांत माहेरी आल्या त्या कायमच्या. का आल्या ते आम्हा पोरींना कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची माझीसुद्धा छाती झाली नाही.

"गाडी तुझीच हाय का गं दारात?" आत्यांनी विचारलं.

"माझीच."

"येकटीच आलीस नव्हं? संग कुनी न्हाई ना?"

"कोण असणार?"

"न्हाई, आपलं इचारलं." त्यांनी सुपातले खडे बाजूला काढले. घरातली पोर वर डोकं धरून बसली होती आणि आत्यांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान होतं. "च्या घिऊन जा. पोरगी हितंच हाय आता, कुटं जात न्हाई. निवांत हाय."

मला ते खटकलं, पण का ते सांगता आलं नाही.

३

श्रीशैलचं स्टेशन रोडला हार्डवेअरचं दुकान आहे. पाइप, खिळे, रंगाचे डबे आणि त्यात बसलेला श्रीशैल. मला बघताच त्यानं हातातला मोबाइल पालथा घातला. अशा हालचाली मी साक्षीदारांच्या पिंजऱ्यात रोज बघते.

"श्रीशैल, ईश्वरीची चौकशी करायला कुणी आलतं का रे?"

"चौकशी? न्हाई ब्वा. कुनी न्हाई आलं."

"पुण्याची माणसं होती. दुकानात आल्याशिवाय राहिली नसतील."

"वनमालाताई, गिऱ्हाइकं शंभर येतात. म्या कुनाकुनाला ध्यानात ठिवू?" कान लाल झाले होते त्याचे. लहानपणी पेरू चोरल्यावरही असेच व्हायचे.

"दीदीची नोकरी जायला लागलीय, माहीत आहे का?"

आता तो खरंच दचकला. "जायला लागली म्हंजे? पुन्याचं तर पक्कं झालतं की! कावून?"

"कुणीतरी तिच्याविरुद्ध बोललं."

"कोन बोललं? नाव सांगा, हाडं मोडतो त्याची." तो उठून उभा राहिला, आणि लगेच पालथ्या मोबाइलकडं त्याची नजर गेली. राग खरा होता आणि लपवाछपवीही खरी होती. दोन्ही एकाच माणसात कसं, हे काही मला उलगडेना.

दुकानाबाहेर पडताना शेजारच्या चहावाल्या मुंजाजीला विचारलं. तो म्हणाला, "आलती की पांढरी गाडी. येक बाई, येक गडी. श्रीशैलनं त्यांना आतल्या खुर्चीवर बसवून स्पेशल च्या पाजला. माझ्याकडनंच गेलता."

माझ्या तोंडावर खोटं बोलला होता पठ्ठ्या. पण स्पेशल चहा पाजून बहिणीची बदनामी कोण करतं?

४

मुंजाजीनं आणखी एक सांगितलं होतं. गाडीतल्या बाईनं केजच्या अर्जुनरावांच्या कॉलेजचा रस्ता विचारला होता. मी गाडी उलटी फिरवली.

अर्जुनराव म्हणजे आमच्या तालुक्याचे पुढारी. पदावर नसले तरी माजी म्हणवून घेत नाहीत. त्यांच्या कॉलेजच्या फाटकावर ईश्वरीचा फोटो झळकत होता. 'तालुक्याची शान' आणि खाली 'एआय सेंटर लवकरच'. आत एका खोलीला कुलूप आणि कुलपाला गंज.

"या वकीलबाई, या. आमची शास्त्रज्ञ काय म्हणती?" अर्जुनरावांनी खुर्ची दाखवली.

"तिच्याबद्दल विचारायला कुणी आलं होतं तुमच्याकडं?"

"आलते की. बाई लई हुशार. इथं बसूनशान घंटाभर इचारत हुते. पोरगी कशी, लोकांत मिसळती का, कुनासंग भांडन, कुनाचा शब्द पाळती का. कुठनं आलात म्हनलं तर सांगंनात. आमाला सांगायची परवानगी न्हाई म्हनले." अर्जुनराव पुढं वाकले. "पन म्या बराबर वळखलं. पक्षाचे सर्व्हेवाले! हिकडल्या का तिकडल्या पक्षाचे ते न्हाई कळलं. पोरीला तिकीट द्यायचा इचार दिसतोय कुनाचा तरी."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं, ती आमची हाय. आमाला शब्द दिलाय तिनं. ती कुटं जायची न्हाई." त्यांनी दोन्ही हात पसरले. "दुसऱ्या पक्षानं पळवली तर आमी काय करावं?"

"आणि तिनं शब्द कधी दिला?"

"फोटो लावायला न्हाई म्हनली न्हाई. त्यो शब्दच झाला की."

चौथ्या गोष्टीचा निकाल लागला. ईश्वरीनं दुसरीकडं शब्द दिलाय ही बातमी इथून निघाली होती. मी त्यांना डोक्याच्या इलाजाचं विचारलं, तर ते खुर्चीतून उठलेच.

"छ्या छ्या! उद्या बॅनरवर फोटो छापायचाय मला तिचा. तसलं म्या कावून बोलू?"

हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा स्वार्थापोटी खरं बोलत होता. माझा त्यावर विश्वास बसला. पण सोंधीचा आणि त्यांचा काडीचा संबंध नव्हता, आणि ताट अजून कुणाच्या हातात होतं ते कळलं नव्हतं.

५

मग सोंधीला आणि या मातीला जोडणारा एकच माणूस उरला, आदिनाथ. युसूफ वडगाव या गावचा पोरगा, ईश्वरीनंच त्याला मेधांकुरमध्ये घेतलेलं. आता घरूनच काम करायचा. सोंधीला परत आणा म्हणून ज्यांनी सह्या केल्या, त्यात याची सही होती.

तो घराच्या गच्चीवर पत्र्याच्या खोलीत दोन स्क्रीन लावून बसला होता. मी आत शिरताच म्हणाला, "म्याडमनी धाडलं का तुमाला?"

"नाही. मीच आले. घाबरतोस कशाला?"

"सही केली ना म्या." त्यानं मान खाली घातली. "सगळ्यांनी केली. नसती केली तर दुसऱ्या दिवशी आय-कार्डच चाललं नसतं. म्याडमला फोन करायला तोंड राह्यलं न्हाई माझं."

"गाडीतली बाई तुझ्याकडं आलती?"

"न्हाई. माझ्याकडं कुनीच आलं न्हाई. आलं असतं तर चांगलंच बोललो असतो."

"ताटाचं तुला माहीत आहे?"

"कसलं ताट?" त्याच्या चेहऱ्यावर कोरा गोंधळ होता. बैठकीतली गोष्ट कंपनीतल्या माणसांपर्यंतही गेली नव्हती, ईश्वरी म्हणाली ते खरं होतं.

मी निघाले होते, पण माझ्या स्वभावाला औषध नाही. दारातून वळून विचारलं, "आदिनाथ, समज तुला म्याडमची नोकरी घालवायचीच आहे. तू काय सांगशील?"

तो हसला. मग खरंच विचार करू लागला. "म्या म्हनंन, निकाल दडपतात. चाचणीचे आकडे टीमला दाखवत न्हाईत. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव लावतात. येवढं बास झालं, आमच्यात त्या मानसाला पुन्हा कुनी उभं करत न्हाई." लगेच त्यानं कान पकडले. "खोटं हाय हां सगळं. तुमी इचारलं म्हनून."

"आणि डोक्याचा इलाज, घराण्यात फिट, जेवणाचं ताट?"

"त्यानं काय हुतंय ताई? आमच्यात निम्म्यांचा डोक्याचा इलाज चालूय. आन् घरान्यात कुनाला फिट येती हे कंपनीला कावून पायजे?"

मी जिन्यातच थांबले. गेले कित्येक तास मी चुकीचा प्रश्न विचारत फिरत होते.

६

गाडीत बसून मी त्या गोष्टी पुन्हा बोटांवर मोजल्या. ईश्वरीच्या कामाबद्दल त्यात एक शब्द नव्हता. तिच्या वैऱ्यानं कामावर घाव घातला असता. हे घाव दुसरीकडंच होते.

आणि ते माझ्या ओळखीचे होते! इतकी वर्षं मोडलेल्या लग्नांची प्रकरणं चालवते मी. डोक्याचा इलाज, घराण्यातला आजार, ताट फेकण्याइतका राग. हा साचा माझ्या अशीलांच्या तोंडी मी किती वेळा ऐकलाय. सोयरीक जमत आली की भाऊबंदातलं कुणीतरी मुलाकडच्यांच्या कानात हेच सोडतं. आपल्याकडं त्याला मोडता घालणं म्हणतात.

पांढरी गाडी येते. त्यात एक बाई, एक गडी. मुलीचं नाव घेऊन दुकानात, पुढाऱ्याकडं चौकशी करतात. स्वभाव कसा, भांडखोर आहे का, शब्दाची पक्की आहे का. कुठून आलात, तर सांगत नाहीत. अर्जुनरावांच्या डोक्यात राजकारण, म्हणून त्यांना सर्व्हेवाले दिसले. बाकी आमच्या भागात अशी गाडी कशाला येते हे शेंबडं पोरही सांगेल. पुण्याच्या कंपनीला एवढंच माहीत नव्हतं.

मी घाटनांदूरला पोचले ती सरळ दुकानात. "श्रीशैल, त्या बाईचा नंबर दे. सोयरीकवाली बाई."

तो खाली बसला. "तुमाला कसं कळलं? दीदीला सांगू नका ताई. तिला लग्नाचं नाव काढलं की राग येतो. म्हनून लपवलं. पन लई चांगली मानसं वाटली, म्या तोंड भरून सांगितलं. घरी जाऊ नका, दीदी चिडंल म्हनलं, आन् मठात धाडलं. दुपारच्याला घरचं वडीलधारं मानूस तिथं भेटंल म्हनलं."

"ती नोकरीची चौकशी होती, येड्या."

त्याचा आ वासला तो बराच वेळ मिटला नाही. नंबर मात्र दिला. 'काही आठवलं तर सांगा' म्हणून बाईनं तो ठेवला होता. सायली नाव. मी फोन लावून माझी ओळख सांगितली.

"नावं मी देऊ शकत नाही मॅडम, आमचा नियम आहे," सायली म्हणाली.

"नाव नकोच मला. मठात ज्यांना भेटलात, त्यांनी तुम्हाला आधी काय विचारलं, एवढंच सांगा."

सायली हसली. "आम्हीच विचारायला गेलो आणि त्याच आमची उलटतपासणी घेत होत्या. घरात माणसं किती, सासू आहे का, नणंदा किती. माझ्या सहकाऱ्याला म्हणाल्या, थोरला भाऊ दारू पितो का? आम्हाला वाटलं, वय झालंय."

मी फोन ठेवला. उत्तर हातात आलं होतं आणि ते मला अजिबात नको होतं.

७

आत्या अजून चौकातच होत्या. मी ईश्वरीला खाली बोलावलं आणि श्रीशैलला दार लोटायला सांगितलं.

"सोंधीनं काही केलेलं नाही," मी ईश्वरीला म्हणाले. मग गाडीचं, अर्जुनरावांचं, आदिनाथचं सगळं सांगितलं. "ज्यानं बदनामी केली, त्याला ही नोकरीची चौकशी आहे हे माहीत नव्हतं. तो सोयरीक मोडत होता. आता लग्न मोडावं असं कुणाला वाटतं? श्रीशैलला तर ते व्हावंसं वाटत होतं. भाऊबंद इथं कुणी नाहीत. तुझं लग्न नको असं वाटणारी माणसं जगात दोनच. एक तू स्वतः."

ईश्वरीनं हळूच आत्यांकडं बघितलं.

आत्यांनी सूप बाजूला ठेवलं. त्या लपवणाऱ्यातल्या नव्हत्या. "म्याच सांगितलं. तू बेंगलोरहून आलीस त्या दिशी माझ्या मांडीवर डोकं ठिवून म्हनलीस, आत्या, आता मला कुनाच्या दावनीला बांधू नको. म्या शब्द दिला. आन् आठ दिवसात गाडी मठाच्या दारात! म्या काय करावं? पाठवून दिली माघारी."

"आत्या, ती सासरची नव्हती," ईश्वरी म्हणाली. "माझ्या नोकरीची होती. पुण्याच्या."

आत्यांना ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचा हात गळ्यातल्या डबीकडं गेला आणि तिथंच राहिला. "म्हंजे नोकरी म्या घालवली?"

मला त्यांची फार कीव आली आणि माझ्या हुशारीचा रागही आला. पण एक गोष्ट अजून अडली होती, आणि मी ती विचारलीच. "आत्या, ताटाचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे कुनी?" आत्या म्हणाल्या. "माझंच हाय ते. मला माघारी धाडलं तवा माझ्या सासरच्यांनी हेच सांगितलं भावाला. डोकं फिरलंय, फिट येती, ताट फेकती. फिट कदी न्हाई आली मला. ताट येकदाच सारलं हुतं, उष्टं वाढलं म्हनून. पन लोकांनी ऐकून घेतलं, आन् मला पुन्हा कुनी इचारायला आलं न्हाई. मला वाटलं, ज्यानं माझं दार बंद झालं, त्यानं हिचं बी हुईल. हिला तर तेच पायजे हुतं."

ईश्वरी जमिनीवर त्यांच्याजवळ बसली. तिला रडू आवरेना. "आत्या, मीबी एकदाच सारलं गं. मलाबी हेच म्हनले. अस्थिर आहे म्हनले."

मग तिनं लॅपटॉप मागवला आणि तो सगळा मजकूर आमच्यादेखत पुसून टाकला.

८

समितीची बैठक दिवेलागणीच्या आधी सुरू झाली. पडद्यावर तिघं होते. मधोमध दिशांतरच्या संचालक बाई, चष्म्याआडून बारीक बघणाऱ्या. ईश्वरीनं नमस्कार केला आणि म्हणाली, "ज्यांनी माझ्याबद्दल सांगितलं, त्या इथं आहेत. त्यांचं ऐकून घ्या."

आत्यांनी पदर सारखा केला. एकदा बोललेला शब्द त्यांनी कधी मागं घेतलेला मी पाहिला नव्हता. "म्या खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "पोरीला काय बी झालेलं न्हाई. डोकं जाग्यावर हाय, जरा जास्तच जाग्यावर हाय. तुमची मानसं मला सासरची वाटली."

पडद्यावरच्या दोघांना हसू फुटलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आत्यांना सगळं नीट विचारून घेतलं, मठातल्या प्रश्नांपासून. अर्जुनरावांच्या 'शब्दा'चं ईश्वरीनं सांगितलं. मग म्हणाल्या, "तो अहवाल आम्ही बाजूला ठेवतो. डॉक्टर ईश्वरी, तुमच्या कामाबद्दल आम्हाला कधीच शंका नव्हती. पुढच्या महिन्यात या. आणखी काही?"

माझ्या शेजारी श्रीशैलनं सुटकेचा मोठा श्वास सोडला. झालं होतं! गेलेली नोकरी परत आली होती, आता फक्त हो म्हणायचं होतं.

"मला येक इचारायचं हाय," आत्या म्हणाल्या.

ईश्वरीनं त्यांना थांबवलं नाही.

"आधीच्या ठिकानी ही मोठ्या मानसाला न्हाई म्हनली, म्हनून हिला घालवलं. तुमच्यातला मोठा चुकला आन् ही न्हाई म्हनली, तर तुमी बी हिला डोकं फिरलंय म्हनून माघारी धाडनार का?"

बाईंनी शेजारच्या माणसाकडं बघितलं. त्यांचा आवाज काही वेळ बंद झाला, नुसते ओठ हलताना दिसत होते. मग आवाज परत आला.

"खरं सांगायचं तर आमच्या करारात याबद्दल काहीच नाही," बाई म्हणाल्या. "आणि मी एकटीनं आज तोंडी शब्द द्यावा, असा तो विषय नाही. डॉक्टर, तुमची सही मात्र आम्हाला आजच हवी होती."

मला वाटलं, आता ही सही करणार. मी केली असती. दुसरं कुणी दारात उभं नव्हतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? ईश्वरीचा आवाज मात्र सरळ होता.

"मग आज सही होणार नाही," ती म्हणाली. "आत्यानं विचारलं त्याचं उत्तर मंडळाकडून येऊ द्या. त्याशिवाय मी येणार नाही."

"हा नकार समजायचा का आम्ही?"

"नाही. चौकशी समजा. आता आमच्या बाजूची."

बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि शेजाऱ्याकडून पेन मागून घेतलं. "ठीक आहे. विचारा, मी लिहून घेते."

आत्यांनी खुर्ची ओढली आणि पडद्याच्या अगदी पुढं जाऊन बसल्या.